तपेलं

पंचविसातला सहावा शेक.
टेक्निशियन पोरगी म्हणाली, मोबाईल ट्रेमध्ये ठेवा काकू.
वैजयंतानं तो पिशवीतून काढला.
मी बघितलं. इतकी वर्षं
त्याची जागा ब्लाउजमध्ये, डावीकडे,
सुट्ट्या पैशांशी, भाजीच्या यादीशी.
मीच दिलेला तिला. गिऱ्हाईक न्यायला आलं नाही म्हणून
तापकीर गल्लीत माझ्या टेबलावर पडून राहिलेला.

येताना लकडी पुलावर रिक्षा तुंबली.
"तुम्ही रोज उघडता ना, आत काय असतं?"
बॅटरी, पट्ट्या, धूळ,
कुणाकुणाच्या कानातला मळ.
"आणि लोहचुंबक?"
असतं. स्पीकरमागे. तुरीच्या डाळीएवढं.
स्क्रू सांडले की मी त्यालाच कामाला लावतो.

तिच्या मावसभावानं पाठवलं होतं कुठूनसं:
चुंबकामुळे शेक भलतीकडे वळतो,
औषध रक्तात वाट चुकतं.
खाली तीनदा जोडलेले हात
आणि 'सगळ्यांना पाठवा'.
आलं ते फोनवरच.

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला.
आज आम्हाला जेवढं ठाऊक आहे त्यात तसं काही नाही, म्हणाले,
पण लांब ठेवून त्यांना झोप लागत असेल
तर ठेवा की लांब.
मला आणखी एक विचारायचं होतं,
शेकाचं नव्हे, त्याआधीच्या वर्षांचं,
डावीकडचं.
बाहेर पुढचा नंबर पुकारला. मी उठलो.

घरी तिनं माळ्यावरून तपेलं काढलं,
माझ्या वडिलांच्या हातचं,
तांबट आळीत ठोका-ठोका घडवलेलं.
"तांब्याला चुंबक लागत नाही, तुम्हीच सांगता."
लागत नाही हे खरं.
लागत नाही म्हणजे अडवतं असं नाही,
हे मी बोललो नाही.
रात्री फोन तपेल्यात, वर झाकण, झाकणावर वरवंटा.
ती उजव्या कुशीवर,
छातीवरच्या जांभळ्या खुणा पुसू नयेत म्हणून
गाऊन सैल सोडून.

त्या खोलीचं दार हातभर जाड आहे.
ती आत गेली की सगळे बाहेर पळतात, ती पोरगीसुद्धा.
एवढं धूड तिच्याभोवती फिरतं,
त्याचं तिला काही नाही.
"गार असतं हो आत," म्हणते, "डोळा लागतो."
आणि भ्यायची ती डाळीला.
मला आधी हसू यायचं.
मग वाटलं, त्या धुडावर
ठेवायला झाकण कुठून आणणार?

सतराव्या शेकाच्या आदल्या पहाटे
तपेलं वाजायला लागलं.
फोन थरथरावर होता, पण तांबं ते तांबं,
भिंतीपलीकडचे पोटफोडे खोकले,
आणि मला अर्धवट झोपेत वाटलं
बाबा कामाला बसले.
माझ्या आधी ती उठली.
वरवंटा एका हातानं, झाकण त्याच हातानं,
डावा अजून खांद्यावर जात नाही.

होसूरहून ऋजुता. पहिल्या पाळीला निघाली होती.
वैजयंतानं फोन लांब धरला, हातभर,
"काय? मोठ्यानं बोल,"
मग वीतभर,
मग मला दिसेना तो,
कान आणि खांद्याच्या मध्ये गेला होता
आणि ती एका हातानं चहाचं आधण ठेवत सांगत होती
की मेथीला आधी मीठ घालायचं नसतं गं, बावळट.
हसली. किती दिवसांनी, ते मी मोजलं नाही.
झाकण माझ्या हातात.

रात्री फोन पुन्हा तपेल्यात गेला.
मी काही म्हटलं नाही. वरवंटा मीच ठेवला.

परवा दुकानात एक मेलेला स्पीकर उघडला.
चिमट्यानं तो दाणा काढून दिव्याखाली धरला,
बराच वेळ,
समोरचं गिऱ्हाईक "काका, झालं का" म्हणेपर्यंत.
टेबलावरचा एक स्क्रू उडून त्याला चिकटला.
दुसरं काही नाही.